पूल ओलांडून जा, म्हणणारा मी

समलिंगी विवाहाबद्दलचं माझं मत कितीतरी वर्षं एका वाक्यात मावत होतं. ज्या राज्याला मान्य असेल त्यानं तसा कायदा करावा, ज्याला नसेल त्यानं करू नये, आणि ज्या जोडप्याला आपलं राज्य पटत नसेल त्यानं शेजारच्या राज्यात राहायला जावं. मी याला समंजस मत म्हणायचो. मराठी मंडळाच्या गणपतीत, जेवणाच्या रांगेत कुणी विषय काढला की मी हे वाक्य टाकायचो आणि दोन्हीकडची मंडळी मान डोलवायची. दोन्हीकडून माना डोलल्या म्हणजे मत पक्कं, अशी माझी तेव्हा समजूत होती.

मी राहतो उत्तर व्हर्जिनियात. त्यामुळे माझ्या मताला भूगोलाचाही टेकू होता. पोटोमॅक नदीच्या अलीकडे व्हर्जिनिया, पलीकडे राजधानी वॉशिंग्टन आणि मेरीलँड. तिन्हीकडे नोकऱ्यांचा बाजार एक, मेट्रो एक, ट्रॅफिकला घालायच्या शिव्याही त्याच. कायदे मात्र तीन. वॉशिंग्टनमध्ये मार्च २०१० पासून समलिंगी जोडप्यांची लग्नं लागू लागली. मेरीलँडनं त्याच वर्षी बाहेर लागलेली लग्नं मानायला सुरुवात केली, मग नोव्हेंबर २०१२ मध्ये मतदारांनी कौल दिला आणि १ जानेवारी २०१३ पासून तिथंही लग्नं लागायला लागली. व्हर्जिनियानं मात्र २००६ मध्येच ५७ टक्के मतांनी राज्यघटनेत दुरुस्ती करून ठेवली होती. लग्न म्हणजे एक पुरुष आणि एक स्त्री. आणि लग्नाच्या जवळपास जाणारं दुसरं कुठलंही नातं राज्य मानणार नाही. त्या मतदानाच्या वेळी मी नुकताच इथला नागरिक झालो होतो. मत द्यायला गेलो, आणि नेमका तो प्रश्न कोरा सोडून आलो. वाटलं, आपला यात काय संबंध? ज्यांचा आहे त्यांच्यासाठी पूल आहेच की. रॉसलिनहून जॉर्जटाउनला माणूस चालत जातो.

टेकू आणखी एक होता, तो पुस्तकी. नोकरी सांभाळून संध्याकाळी अर्थशास्त्राचे वर्ग करत असताना चार्ल्स टिबू या अर्थशास्त्रज्ञाचा १९५६ चा एक निबंध वाचला होता. त्याचं म्हणणं ढोबळमानानं असं, की प्रत्येक गावाचे कर वेगळे, सोयी वेगळ्या. माणसं हिंडून बघतात आणि ज्या गावाचा हिशेब आपल्याला जमतो तिथं बिऱ्हाड हलवतात. मतपेटीची गरजच नाही, बिऱ्हाडच मत देतं. मला हे फार आवडलं होतं. आम्ही स्वतः सांगलीहून पुण्याला, पुण्याहून इकडे, असंच तर आलो. पटलं नाही, उठलो, निघालो. मग बाकीच्यांनी का निघू नये?

पुढे मी आयटी सोडून टॅक्सच्या कामात शिरलो, एनरोल्ड एजंटची परीक्षा दिली आणि घराच्या बेसमेंटमध्ये ऑफिस थाटलं. फेब्रुवारी ते एप्रिल त्या बेसमेंटमध्ये जे ऐकू येतं, ते गणपतीच्या रांगेत येत नाही. लोक पगार दाखवतात, कर्ज दाखवतात, आईच्या नर्सिंग होमची बिलं दाखवतात. घर कुठं घ्यावं हेही विचारतात. मी कोष्टक काढून द्यायचो. व्हर्जिनियात प्राप्तिकराचा कमाल दर ५.७५ टक्के, पण दरवर्षी गाडीवरही कर. मेरीलँडमध्ये राज्याच्या करावर काउंटीचा कर चढतो, मॉन्टगोमेरीत तो ३.२ टक्के. शिवाय शाळा, कम्यूट, व्याजदर. या कोष्टकात लग्नाचा कायदा हा रकाना नव्हता. लग्नाचा कायदा बघून कोण घर घेतं, असं मला खरंच वाटायचं.

घेतात. मेरीलँडचा कायदा झाल्यावर दोन पुरुषांचं एक बिऱ्हाड हर्नडनहून सिल्व्हर स्प्रिंगला गेलं. माझ्या कोष्टकाप्रमाणं तो तोट्याचा सौदा होता. कर जास्त, एकाचं ऑफिस दूर. त्यांच्या गाडीच्या ग्लोव्ह बॉक्समध्ये तोवर एक प्लॅस्टिकचं फोल्डर असायचं. एकमेकांना दिलेली पॉवर ऑफ अॅटर्नी, वैद्यकीय निर्णयाचा अधिकार, मृत्युपत्राची प्रत. व्हर्जिनियाच्या हद्दीत अपघात झाला तर हॉस्पिटलला दाखवायला. नवीन घराच्या पत्त्याचा पुरावा घेऊन आले तेव्हा मी चेष्टेनं म्हटलं, "फोल्डरचं काय केलंत?" तर म्हणाले, "आहे गाडीतच. ऑफिस अजून तुमच्याच काठावर आहे."

हे उदाहरण मी माझ्या मताच्या बाजूनं मांडलं, हे कबूल करायला हवं. बघा, गेले की नाही पूल ओलांडून? कायदा वेगळा, माणूस मोकळा, सगळं टिबूच्या निबंधासारखं. फोल्डर गाडीतच राहिलं, हा भाग सांगताना मी गाळायचो.

माझं मत हललं ते एका रिटर्नमुळे. रिटर्न म्हणतोय, पण होती पाच.

जून २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टानं विंडसर खटल्याचा निकाल दिला. एडिथ विंडसर न्यूयॉर्कची. तिनं आणि थिआ स्पायरनं २००७ मध्ये टोरांटोला जाऊन लग्न केलं होतं. २००९ मध्ये थिआ गेली. केंद्र सरकार लग्न मानत नव्हतं, म्हणून एडिथला ३,६३,०५३ डॉलर वारसाकर भरावा लागला. कोर्टानं १९९६ च्या केंद्रीय कायद्याचं ते कलमच उडवलं. ऑगस्टअखेर केंद्राच्या कर खात्यानं, म्हणजे आयआरएसनं, जाहीर केलं, की लग्न जिथं कायदेशीररीत्या लागलं ते धरायचं; जोडपं राहतं कुठं हे बघायचं नाही. आणि नोव्हेंबरात व्हर्जिनियाच्या कर खात्याचं परिपत्रक आलं: केंद्र काही म्हणो, आमच्याकडे तुम्ही अविवाहितच.

आता गंमत अशी, की व्हर्जिनियाचं रिटर्न सुरू होतं ते केंद्राच्या रिटर्नवरच्या उत्पन्नाच्या आकड्यापासून. केंद्राकडे आकडा जोडप्याचा, राज्याला हवा एकेकीचा. म्हणून मार्च २०१४ मध्ये माझ्यासमोर बसलेल्या दोघींसाठी मी आधी एक खरं केंद्रीय रिटर्न केलं, विवाहित म्हणून, एकत्र. मग दोन नकली केंद्रीय रिटर्नं, दोघी अविवाहित असत्या तर कशी दिसली असती तशी. आयआरएसकडे न जाणारी, फक्त आकडे काढण्यापुरती. आणि त्या नकलांवरून व्हर्जिनियाची दोन. घराच्या कर्जाचं व्याज कुणी भरलं? संयुक्त खात्यातून गेलं. मग कुणाच्या नावावर किती? देणग्या कुणाच्या? त्या शांतपणे उत्तरं देत होत्या, अशा प्रश्नांची सवय असल्यासारख्या. मग मी विचारलं, मुलगी कुणाच्या रिटर्नवर दाखवायची? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. "हिच्या," एक म्हणाली. "व्हर्जिनियाच्या कागदावर ती हिचीच आहे."

केंद्राच्या रिटर्नवर तासाभरापूर्वी मी ती मुलगी दोघींची म्हणून लिहिली होती.

मी त्यांना ते विचारलंच, जे मी सगळ्यांना सांगायचो. नदीपलीकडे का जात नाही? त्यांना राग आला नाही, याचं मला अजून आश्चर्य वाटतं. एक फेअरफॅक्स काउंटीत शिक्षिका. तिची पेन्शन व्हर्जिनियाच्या योजनेत मुरत पडलेली. दुसरीची आई मॅनॅससला, एकटी, विसरभोळेपणा वाढत चाललेला. आणि घर घेतलेलं २००६ मध्ये, भाव शिखरावर असताना. २००८ च्या पडझडीनंतर घराची किंमत कर्जाच्या खाली गेली ती अजून वर आलेली नव्हती. "कायद्यासाठी घर विकायचं तर आधी घर विकलं जायला हवं," शिक्षिका म्हणाली.

त्या रात्री मी टिबूचा निबंध परत काढून बघितला. त्याच्या गृहीतकांमध्ये एक असं आहे, की नोकरी कुठं मिळते याची अडचण धरायची नाही. सगळे लोक डिव्हिडंडवर जगतात असं समजायचं. विद्यार्थी असताना मी त्यावरून नजर फिरवली होती. पण आता मी टॅक्सवाला होतो, आणि निव्वळ डिव्हिडंडवर जगणारी माझी अशिलं एका हाताच्या बोटांवर मोजता येतील. त्या मोजक्यांना कुठलंही राज्य चालतं. वकील ठेवता येतो, दुसरं घर घेता येतं. पूल त्यांच्यासाठी होता. आणि माझं समंजस मतही, नकळत, त्यांच्यापुरतंच होतं.

दुसरा धक्का त्याच हंगामातला. फेब्रुवारी २०१४ मध्ये नॉरफोकच्या केंद्रीय न्यायाधीश अरेंडा राइट अॅलन यांनी व्हर्जिनियाची बंदी घटनाबाह्य ठरवली होती. निकाल अपिलात अडकला होता, पण वाचायला मिळत होता. त्याच्या सुरुवातीलाच मिल्ड्रेड लव्हिंग यांचं २००७ मधलं निवेदन आहे. लव्हिंग खटला नावानं माहीत होता. तपशील पहिल्यांदाच नीट वाचला. रिचर्ड गोरा, मिल्ड्रेड कृष्णवर्णीय आणि मूळनिवासी वंशाची. व्हर्जिनियात अशा लग्नाला बंदी, म्हणून दोघांनी जून १९५८ मध्ये वॉशिंग्टनला जाऊन लग्न केलं, म्हणजे पूल ओलांडूनच, आणि कॅरोलाइन काउंटीतल्या आपल्या गावी परत आले. काही आठवड्यांतच शेरीफ रात्री घरात शिरून दोघांना घेऊन गेला. जानेवारी १९५९ मध्ये न्यायाधीशानं वर्षभराची शिक्षा सुनावली, पण एका अटीवर स्थगित ठेवली. राज्य सोडा, आणि पंचवीस वर्षं दोघं मिळून परत यायचं नाही. ते वॉशिंग्टनला जाऊन राहिले. १९६७ मध्ये सुप्रीम कोर्टानं बंदीच रद्द करेपर्यंत तो हद्दपारीचा आदेश त्यांच्या मागे होता.

शेजारच्या राज्यात राहायला जा. मी हे स्वातंत्र्य म्हणून सुचवत होतो. त्याच राज्यात, पंचावन्न वर्षांपूर्वी एका न्यायाधीशानं तेच शिक्षा म्हणून सुनावलं होतं.

यानंतर मी गणपतीच्या रांगेत गप्प बसू लागलो. मत लगेच बदललं असं नाही. माझ्यासारखी माणसं आधी आकडे मागतात. आकडे आहेतही. अमेरिकेच्या जनगणना खात्याचा दरवर्षीचा सर्व्हे घराघरात विचारतो, की वर्षापूर्वी तुम्ही याच घरात राहत होता का. त्यावरून कुठलं बिऱ्हाड कुठून कुठं गेलं ते कळतं. स्पेनमधल्या दोन अर्थशास्त्रज्ञांचा त्यावरचा अभ्यास २०२२ मध्ये प्रसिद्ध झाला. ज्या राज्यांनी असं लग्न कायदेशीर केलं तिकडे समलिंगी पुरुषांचा ओघ वाढला, असं त्यात दिसतं. म्हणजे लोक कायदा बघून जातात हे सिद्धच. पण तो सर्व्हे लैंगिक कल विचारत नाही. एका घरात राहणारं जोडपं असेल तरच ते दिसतं. आणि जे जाऊ शकले नाहीत, ते त्यात उमटणार कसे? मॅनॅससच्या आईपायी अडकलेली मुलगी सर्व्हेत फक्त 'त्याच घरात' असते. प्रमोशनवर टेनेसीला जायला नकार देणारा माणूसही 'त्याच घरात'. टेनेसीतल्या एका खटल्यातलं जोडपं न्यूयॉर्कमध्ये लग्न करून विद्यापीठाच्या पशुवैद्यक कॉलेजातल्या नोकऱ्यांसाठी नॉक्सव्हिलला गेलं, आणि राज्याच्या हद्दीत शिरताच त्यांचं लग्न कागदावरून पुसलं गेलं. ते कोर्टात गेले म्हणून आपल्याला कळले. नोकरीचं पत्र आल्यावर 'नको' म्हणून घरीच राहिलेली बिऱ्हाडं कोण मोजणार?

आणखी एक गोष्ट मला त्या पुलामुळे दिसत नव्हती. दोन काठांना दोन कायदे असले, की पळणाऱ्यालाही काठ मिळतो. दोन बायकांनी २००० मध्ये व्हर्मांटला जाऊन सिव्हिल युनियन केली. २००२ मध्ये मुलगी झाली, २००३ मध्ये दोघी वेगळ्या झाल्या, आणि जन्मदाती आई मुलीला घेऊन व्हर्जिनियात आली. व्हर्मांटच्या कोर्टानं दुसरीलाही पालक मानलं. व्हर्जिनियाच्या खालच्या कोर्टानं २००४ मध्ये जन्मदातीच एकमेव पालक असं ठरवलं. व्हर्जिनियाच्याच अपील कोर्टाला ते २००६ मध्ये फिरवावं लागलं. शेवटी २००९ मध्ये ती आई मुलीसह देशच सोडून गेली. कुठं राहायचं ही निवड इथंही कायदा बघूनच झाली होती. माझ्या सूत्रात अशा निवडीला जागा होती, आणि मला ती दिसली नव्हती.

या सगळ्यात स्वतःचं लग्न आठवणं साहजिक होतं. आमचं लग्न पुण्यातल्या कार्यालयात, हिंदू विवाह कायद्यानं. महापालिकेचा मराठी दाखला, त्याचं नोटरी केलेलं भाषांतर. त्यावर बायकोला एच-फोर व्हिसा मिळाला, पुढे ग्रीन कार्ड. व्हर्जिनियानं, मेरीलँडनं, आयआरएसनं एकदाही विचारलं नाही की तुमच्या गावचं लग्न आमच्याकडे कसं चालेल. सात समुद्र ओलांडून ते जसंच्या तसं राहिलं. आणि वॉशिंग्टनचं लग्न, सहा मैलांवरचं, पुलाच्या मध्यावर संपत होतं. मी 'पटलं नाही, उठलो, निघालो' म्हणून जी फुशारकी मारायचो, त्यातलं निघणं इतकं सोपं होतं ते या दाखल्यामुळे. दाखला बरोबर येत नसता, तर पुण्याहून मी एकटा निघालो असतो का? बहुतेक नाही.

व्हर्जिनियात ६ ऑक्टोबर २०१४ ला लग्नं सुरू झाली, कारण अपिलात बंदी टिकली नाही आणि सुप्रीम कोर्टानं हात घातला नाही. जून २०१५ मध्ये ओबर्गफेल निकालानं देशभर एकच नियम झाला. पाच रिटर्नवाल्या त्या दोघींचं पुढच्या हंगामात राज्याचंही एकच रिटर्न. राज्याचा कर थोडा वाढला, हे मी त्यांना जरा कचरतच सांगितलं. त्यांनी तो हौसेनं भरला. कर वाढल्याचा आनंद झालेलं गिऱ्हाईक मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

प्रश्न आता दुसऱ्या नदीवर गेला आहे, जरा रुंद. नाशिकचा एक मुलगा, मला काका म्हणतो, टायसन्सला कामाला. नवरा अमेरिकन, लग्न वॉशिंग्टनमधलं. कंपनी त्याला हिंजवडीचं ऑफिस चालवायला पाठवायला तयार होती. नाशिकला आई एकटी. सप्टेंबर २०१८ मध्ये भारताच्या सुप्रीम कोर्टानं कलम ३७७ मधून प्रौढांच्या संमतीचे संबंध वगळले, तेव्हा त्यानं जाण्याचं जवळजवळ ठरवलं होतं. लग्नाचा निकाल येऊ दे, म्हणून थांबला. १७ ऑक्टोबर २०२३ ला पाच न्यायमूर्तींच्या पीठानं सांगितलं, की लग्न हा मूलभूत हक्क नाही आणि कायदा करायचा तर संसदेनं करावा. जानेवारी २०२५ मध्ये फेरविचाराच्या याचिकाही फेटाळल्या गेल्या. दरम्यान २०२४ मध्ये सरकारनं संयुक्त बँक खातं, नॉमिनी, रेशनकार्ड यांबाबत खुलासे काढले. जोडीदाराच्या नात्यानं व्हिसा मागावा, तर ते नातंच तिथल्या कायद्याच्या लेखी नाही. "काका, रेशनकार्डात आम्ही एक घर," तो म्हणाला, "आता घरात राहायची परवानगी कुणाकडे मागू?" त्यानं पुणं नाकारलं. आई इकडे टुरिस्ट व्हिसावर सहा महिने येते, थंडीत गुडघे धरतात, परत जाते. त्याला मी काय सांगणार होतो, पूल ओलांड? पलीकडे आई होती.

माझं आताचं मत पूर्वीइतकं आटोपशीर नाही. राज्यांनी कर वेगळे ठेवावेत, शाळा वेगळ्या चालवाव्यात, त्यावरून माणसांनी घरं निवडावीत. हे मला अजूनही पटतं. घर कुणाचं मिळून बनलं आहे, याचं उत्तर मात्र पत्त्यावर अवलंबून असता कामा नये. २०२२ मध्ये इथल्या सुप्रीम कोर्टाच्या गर्भपाताच्या निकालासोबत न्यायमूर्ती थॉमस यांनी ओबर्गफेलचाही फेरविचार करावा असं लिहिलं, तेव्हा माझा फोन वाजायला लागला. त्याच डिसेंबरात केंद्रानं कायदा केला: एका राज्यात लागलेलं लग्न दुसऱ्यानं मानलंच पाहिजे. उद्या ओबर्गफेल गेलं, तरी लग्न लावून देण्याची सक्ती मात्र त्यात नाही. म्हणजे माझंच जुनं सूत्र, थोडं दुरुस्त केलेलं. पाच रिटर्नांपेक्षा बरं. तरी ते वाचून मला हायसं वाटलं नाही.

गेल्या हंगामात अलेक्झांड्रियाच्या दोघी आल्या. एकीला ऑस्टिनची ऑफर. टेक्सासला राज्याचा प्राप्तिकर नाही, किती वाचेल ते काढून द्या म्हणाल्या. काढून दिलं, घरपट्टी तिकडे भारी, तीही धरली. पूर्वी मी इथंच थांबलो असतो. आता विचारलं, मुलाच्या दत्तकाचा कोर्टाचा हुकूम घेतलाय का? जन्मदाखल्यावर दोघींची नावं आहेत, त्या म्हणाल्या, आणि लग्नही झालंय. मी म्हटलं, २०१६ मध्ये सुप्रीम कोर्टानं अलाबामाला जॉर्जियातलं दत्तकविधान मानायला लावलं, ते कोर्टाचा हुकूम होता म्हणून. दाखल्यावर विसंबू नका, आधी वकिलाला भेटा. ऑफरला उत्तर द्यायची मुदत शुक्रवारची होती, वकिलाची वेळ मिळाली पुढच्या बुधवारची. त्यांनी कंपनीला मुदत वाढवून मागणारं पत्र माझ्यासमोरच टाइप केलं.